एसी पॅनलमागचा उजेड

मोटारीच्या डॅशबोर्डच्या मध्यभागी पंख्याचा वेग, हवेचे तापमान आणि हवा पायांकडे सोडायची की काचेकडे हे ठरवणारी बटणे व नॉब ज्या चौकटीत बसवलेले असतात, ती चौकट म्हणजे वातानुकूलन नियंत्रण पटल; गॅरेजात तिला सरळ एसी पॅनल म्हणतात. दिवसा तिच्यावरची चिन्हे बाहेरच्या उजेडात वाचता येतात, रात्री पार्किंगचे दिवे लावले की तीच चिन्हे आतून उजळतात, आणि गाडी जुनी झाली की एखाद्या रात्री त्या पटलाचा एक कोपरा काळाच राहतो. कारण बहुधा साधेच असते, ते म्हणजे पटलामागचा जेमतेम ५ मिलिमीटर व्यासाचा, सव्वा वॅटच्या आसपासचा एक बल्ब गेलेला असतो. त्याची किंमत क्षुल्लक असली तरी तो बदलण्याचे काम दिसते तितके सरळ नाही, कारण हा बल्ब सुटा दिवा नसतो. बल्ब, त्यावरची रंगीत टोपी, प्रकाश वाहून नेणारे पारदर्शक प्लॅस्टिक, बटणावरचे रंगाचे थर आणि उजेड कमीजास्त करणारे नियंत्रण ही सगळी एकमेकांच्या हिशेबाने आखलेली असतात, आणि त्यांतले एकच अंग मनाला येईल तसे बदलले तर नवा दिवा जुन्यापेक्षा वाईट ठरू शकतो.

मोटारीत थंड हवा आली तेव्हा असे पटलच नव्हते. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९४० सालच्या गाड्यांत कारखान्यातूनच वातानुकूलन यंत्रणा देऊ केली, परंतु तिचा कॉम्प्रेसर इंजिनापासून अलग करणारा क्लच त्या काळी नसल्यामुळे यंत्रणा पुरती बंद ठेवायची तर गाडी उभी करून, बॉनेट उघडून कॉम्प्रेसरचा पट्टा काढून ठेवावा लागे. १९५४ मध्ये नॅश कंपनीने गरम हवा, ताजी हवा आणि थंड हवा यांची यंत्रणा एकत्र करून तिची नियंत्रणे डॅशबोर्डवर आणली. १९६४ मध्ये कॅडिलॅकने चालकाने ठरवलेले तापमान आपोआप राखणारी यंत्रणा बाजारात आणली. डॅशबोर्डवरची बटणे जसजशी वाढली तसतशी ती अंधारात ओळखता येण्याची गरजही वाढली, आणि बटणांवरच्या चिन्हांसाठी आयएसओ २५७५ हे आंतरराष्ट्रीय मानक, नियंत्रणांची ओळख व त्यांचे प्रकाशन यांसाठी संयुक्त राष्ट्रांचा १२१ क्रमांकाचा नियम, आणि भारतात याच विषयावरचे एआयएस-०७१ हे मानक अशी नियमांची चौकट उभी राहिली.

या उजेडाला केवळ शोभा म्हणणे चुकीचे ठरेल. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये गाडीतील उपकरणांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत चालकाची नजर एका वेळी दोन सेकंदांहून अधिक काळ रस्त्यावरून हटू नये असे धरले आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत सुमारे ४४ मीटर अंतर कापते. पावसाळ्यात घाट चढताना समोरच्या काचेवर आतून वाफ धरली असता काचेकडे हवा सोडणारे बटण चाचपडून शोधावे लागणे म्हणजे ज्या क्षणी रस्ता आधीच दिसत नाही त्याच क्षणी नजरही त्यावरून काढून घेणे होय, आणि पटलावरचा अंधार चालकाला नेमका अशाच वेळी नडतो.

पटलाच्या आतील रचना पाहिली की दोन-तीन बल्बांवर दहा-बारा चिन्हे कशी उजळतात हे कळते. बटणांच्या मागे अॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लॅस्टिकचा एक वळणदार तुकडा बसवलेला असतो. त्याला प्रकाशवाहक म्हणता येईल. पारदर्शक माध्यमातून हवेकडे जाणारा प्रकाशकिरण पृष्ठभागावर पुरेसा तिरपा पडला तर तो बाहेर न पडता पूर्णपणे आत परावर्तित होतो, आणि पाण्याच्या पाटासारखा प्रकाश त्या प्लॅस्टिकच्या कडेकडेने हव्या त्या बटणापर्यंत वाहत जातो. अॅक्रिलिकच्या बाबतीत यासाठी लागणारा किमान कोन, म्हणजे सीमाकोन, सुमारे ४२ अंशांचा असतो. जिथे उजेड बाहेर काढायचा असेल तिथे प्लॅस्टिकचा पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत किंवा दातेरी केलेला असतो. बटण स्वतः दुधी प्लॅस्टिकचे असून त्यावर काळ्या रंगाचा थर दिलेला असतो आणि त्या थरातून लेसरने चिन्हाच्या आकारापुरता रंग उडवलेला असतो, म्हणून दिवसा चिन्ह पांढरे दिसते आणि रात्री आतल्या उजेडाच्या रंगाचे. या मांडणीत बल्बची जागा, त्याच्या तारेची उंची आणि प्रकाश कोणकोणत्या बाजूंना पसरतो हे सगळे आधीच गृहीत धरलेले असते. बल्बच्या जागी एलईडी बसवताना पुढे जो प्रश्न येतो त्याचे मूळ इथे आहे.

जुन्या पटलांतील बल्ब टंगस्टनच्या बारीक तारेचा असतो. वीज वाहू लागली की तार तापून प्रकाश देते, मात्र खर्च होणाऱ्या ऊर्जेचा बहुतांश भाग उष्णतेतच जातो. तापलेल्या तारेवरून टंगस्टनचे कण सतत उडत राहतात व काचेच्या आतल्या बाजूवर बसतात. जुन्या बल्बची काच काळपट दिसते ती यामुळे. तारेचा जो भाग किंचित बारीक होतो त्याचा रोध वाढतो, तो इतर भागापेक्षा अधिक तापतो, त्यामुळे तिथून टंगस्टन आणखी वेगाने उडतो आणि शेवटी तार तिथेच तुटते. थंड तारेचा रोध तापलेल्या तारेच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढाच असल्याने दिवा लावताक्षणी प्रवाहाचा मोठा धक्का बसतो, म्हणून बल्ब बहुतेक वेळा जळत असताना नव्हे तर लावताना उडतो. त्यात भर रस्त्यावरच्या हादऱ्यांची.

विजेच्या दाबाचा, म्हणजे व्होल्टेजचा, बल्बच्या आयुष्याशी असलेला संबंध थक्क करणारा आहे. ठोकताळा असा की तारेच्या दिव्याचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने वाढतो, तर आयुष्य सुमारे १२ व्या घाताने घटते. नावापुरत्या १२ व्होल्टच्या बल्बची कसोटी १३.५ व्होल्टवर घेतली जाते, कारण इंजिन चालू असताना गाडीतला दाब त्याच सुमारास असतो. पण अल्टरनेटरचा नियामक बिघडून दाब १५ व्होल्टपर्यंत गेला तर बल्बचे आयुष्य तिसऱ्या हिश्शाहूनही खाली येते. उलट दाब पाच टक्क्यांनी उतरवला तर प्रकाश सुमारे १६ टक्के घटतो, मात्र आयुष्य जवळजवळ दुप्पट होते. एकाच गाडीतले बल्ब वरचेवर जात असतील तर बल्बच्या कंपनीला दोष देण्याआधी मल्टिमीटरने बॅटरीवरचा दाब मोजून पाहणे शहाणपणाचे.

बल्बवर चढवलेली हिरवी, निळी किंवा नारिंगी रबरी टोपी हा या रचनेतला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. टोपी प्रकाशाला रंग देते असे वाटते, परंतु प्रत्यक्षात ती नको असलेले रंग शोषून घेते आणि उरलेले पुढे जाऊ देते. रंगाची निवड कंपन्यांनी केवळ रुचीवर सोडलेली नाही. अंधाराला सरावलेल्या डोळ्यात काम करणाऱ्या दंडपेशींना तांबडा प्रकाश फारसा जाणवत नाही, त्यामुळे तांबूस उजेडाने त्यांची संवेदनशीलता कमी बिघडते. तीव्र पांढऱ्या किंवा निळ्या उजेडाने ती एकदा गेली की पूर्ववत व्हायला अर्ध्या तासापर्यंत वेळ लागू शकतो. बीएमडब्ल्यूने अनेक वर्षे वापरलेला तांबूस-नारिंगी उजेड या विचारातून आला, तर फोक्सवॅगनने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात निळ्या पार्श्वभूमीवर तांबडे काटे आणून दिसण्याला महत्त्व दिले. ती फॅशन देखणी होती, पण रात्रीच्या लांबच्या प्रवासात डोळ्यांना सोयीची होती असे म्हणवत नाही.

पटल अंधारात गेले म्हणून लगेच डॅशबोर्ड खोलायला बसू नये. मीटर, रेडिओ आणि पॉवर विंडोची बटणे यांचा उजेडही सोबतच गेला असेल तर दोष बल्बचा नसून त्या मंडलाच्या फ्यूजचा किंवा उजेड कमीजास्त करणाऱ्या डिमरचा असतो. गाडी धुताना किंवा पुसताना डिमरची चकती शेवटपर्यंत खाली फिरवली जाणे हे तर नेहमीचेच. पटलाचा ठरावीक भागच काळा असेल तर बल्ब गेला असे समजावे. एसी चालू असल्याचे दाखवणारा लहान दिवा हा पार्श्वप्रकाशापासून वेगळा असून त्याचे मंडलही बहुधा वेगळे असते. तापमानाचे आकडे दाखवणारा पडदाच कोरा पडला असेल तर मात्र प्रश्न इलेक्ट्रॉनिक भागात आहे, आणि बल्ब बदलून तो सुटणार नाही.

पटल बाहेर काढण्याची रीत गाडीगणिक वेगळी असते, तथापि क्रम साधारण सारखाच असतो. आधी बॅटरीची ऋण तार सोडवावी. डॅशबोर्डच्या मागे एअरबॅगच्या वायरी जवळून जात असतील तर गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे, कारण एअरबॅगच्या नियंत्रकात बॅटरी सोडवल्यावरही काही काळ वीज साठून राहते; पिवळ्या रंगाचे कपलर, म्हणजे वायरी जोडणारे खाचेदार जोड, सहसा एअरबॅगचे असतात आणि त्यांना हात लावू नये. भोवतालची सजावटी चौकट प्लॅस्टिकच्या क्लिपांवर बसलेली असते. वर्षानुवर्षे उन्हात तापून या क्लिपा ठिसूळ झालेल्या असतात, आणि लोखंडी स्क्रूड्रायव्हर खुपसून ती चौकट उपटणे हे पटलाचे नुकसान होण्याचे पहिले कारण आहे, म्हणून प्लॅस्टिकची किंवा फडके गुंडाळलेली चपटी पट्टी वापरावी आणि क्लिप जिथे असेल तिथेच, थोडी थोडी करून ती उचलावी.

चौकट निघाली की स्क्रू दिसतात, स्क्रू काढले की पटल पुढे सरकते. साध्या, हाताने चालणाऱ्या पटलांत गोम असते ती मागच्या केबलींची. सायकलच्या ब्रेकसारख्या या पोलादी केबली नॉब फिरवल्यावर हीटरच्या पेटीतल्या झडपा उघडतात किंवा मिटतात, आणि त्यांच्या वेष्टनावरची पकड काढताना तिची मूळ जागा खडूने किंवा रंगाच्या ठिपक्याने नोंदवली नाही तर जोडणीनंतर नॉब शेवटपर्यंत फिरवूनही गरम हवा पूर्ण बंद होत नाही. मग उन्हाळ्यात एसी कमी थंड करतो अशी तक्रार सुरू होते आणि तिचे मूळ एका बल्बच्या दुरुस्तीत आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. शक्य असेल तिथे केबली न सोडता पटल तिरपे करून काम करणे उत्तम. आपोआप तापमान राखणाऱ्या पटलांत केबलींऐवजी लहान मोटरी झडपा हलवतात, त्यामुळे तिथे फक्त कपलर सोडवावे लागतात.

पटलाच्या पाठीवर बल्बचे होल्डर दिसतात. बहुतेक होल्डर पाव वळसा फिरवले की सुटतात. त्यांत काचेच्या बुडाचा, पितळी टोपण नसलेला बल्ब खोचलेला असतो; सुट्या भागांच्या दुकानात त्याला कॅपलेस बल्ब म्हणतात. त्याच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगणाऱ्या टी५ किंवा टी४.२ अशा खुणा आणि वॅटचा आकडा जुळवूनच नवा बल्ब घ्यावा, त्यासाठी जुना बल्ब सोबत नेणे सर्वांत खात्रीचे. अधिक उजेडासाठी १.२ वॅटच्या जागी २ किंवा ३ वॅटचा बल्ब घालण्याचा मोह होतो, पण वाढीव उष्णतेने होल्डर वितळतो, प्रकाशवाहक पिवळा पडतो आणि टोपी करपते. काचेला बोट लावू नये हा नियम कमालीचे तापणाऱ्या हॅलोजन बल्बचा आहे. इथे त्याची इतकी काळजी करण्याचे कारण नाही, मात्र होल्डरच्या तांब्याच्या पत्त्यांवर गंज चढला असेल तर तो खरवडून पत्त्या किंचित वाकवून घ्याव्यात. एक बल्ब गेला असेल तर सगळेच बदलावेत. ते एकाच दिवशी बसवलेले आणि सारखेच तास जळालेले असतात, आणि बल्बच्या किमतीच्या कितीतरी पट मेहनत पटल पुन्हा उघडण्यात जाते.

एलईडी, म्हणजे प्रकाश देणारा अर्धवाहक डायोड, या जागी बसवण्याची पद्धत गेल्या वीस वर्षांत फार बोकाळली आहे. पांढरा एलईडी शक्य झाला तो निळ्या एलईडीमुळे. जपानमधील निचिया कंपनीत काम करणाऱ्या शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये प्रखर निळा एलईडी साध्य केला, त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा थर चढवून पांढरा प्रकाश मिळवण्यात आला, आणि २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक इसामू अकासाकी, हिरोशी अमानो व नाकामुरा यांना निळ्या एलईडीसाठी देण्यात आले. पटलामागच्या दिव्याच्या संदर्भात या जन्मकथेला महत्त्व आहे, कारण पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात निळ्याचा एक उंच सुळका असतो आणि तारेच्या बल्बच्या प्रकाशात निळा सर्वांत कमी व तांबडा सर्वांत अधिक असतो. हिरवी टोपी तारेच्या पिवळसर प्रकाशासाठी बनवलेली असल्याने तिच्यामागे पांढरा एलईडी लावला तर उजेड निळसर होतो आणि शेजारच्या रेडिओशी रंग जुळत नाही. तांबडा एलईडी त्याच टोपीत घातला तर जवळजवळ काहीच बाहेर येत नाही.

दुसरी अडचण दिशेची. तारेचा बल्ब चहूबाजूंना प्रकाश देतो, तर सर्वसाधारण एलईडी समोरच्या बाजूला एका शंकूत प्रकाश फेकतो. ज्या पटलात प्रकाशवाहक बल्बच्या बाजूने प्रकाश घेतो, तिथे एलईडी लावल्यावर बल्बच्या थेट समोरचे चिन्ह डोळ्यांत खुपते आणि टोकाची चिन्हे पूर्वीपेक्षा अंधूक होतात. बाजूंनाही चिपा लावलेले किंवा पुढचे टोक खोलगट असलेले एलईडी घेतले तर हा दोष बराच कमी होतो. तिसरी अडचण डिमरची आहे. जुन्या गाड्यांत डिमर म्हणजे मालिकेत जोडलेला बदलता रोध असतो आणि बल्बांच्या प्रवाहावर त्याचा हिशेब बेतलेला असतो; एलईडी इतका कमी प्रवाह घेतो की त्या रोधावर दाब फारसा उतरतच नाही, म्हणून चकती फिरवूनही उजेड बदलत नाही आणि पटल रात्रभर पूर्ण तेजाने जळत राहते. वीज सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून उजेड घटवणाऱ्या नव्या डिमरवर मात्र एलईडी नीट चालतो.

एलईडीच्या बाजूने वीज वाचते असे जे सांगितले जाते त्याला इथे काही अर्थ नाही. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट पुरतात. उरलेले सुमारे ११ व्होल्ट एका रोधावर खर्च करावे लागतात. २० मिलिअँपिअर प्रवाहासाठी तो रोध ५५० ओहमचा लागतो, आणि एलईडी ०.०६ वॅट घेत असताना रोध ०.२२ वॅट उष्णतेत घालवतो. असे असूनही बल्बमागे सुमारे एक वॅट वाचतो हे खरे, परंतु त्याच पटलाच्या बटणाने सुरू होणारा कॉम्प्रेसर इंजिनाकडून काही किलोवॅट घेत असताना तो एक वॅट कोणाच्या हिशेबात धरावा? एलईडीचा खरा लाभ दीर्घ आयुष्याचा आणि कमी उष्णतेचा आहे, तोही एलईडी चांगल्या प्रतीचा असेल तर. स्वस्त एलईडी गाडीतील दाबाच्या क्षणिक उसळ्या आणि उन्हात तापलेल्या डॅशबोर्डची उष्णता सोसत नाहीत व वर्षभरात लुकलुकू लागतात. एलईडीला धन व ऋण टोके असतात, म्हणून तो पेटला नाही तर फेकून देण्याआधी उलटा खोचून पाहावा. या सगळ्याचा विचार करता, ज्या पटलाला मूळ टोप्या आणि जुना डिमर आहे त्यात तारेचाच बल्ब घालणे अधिक योग्य, आणि पटल मुळातच पांढऱ्या उजेडासाठी आखलेले असेल तर एलईडीला हरकत नाही.

काही पटलांत होल्डर नसतोच. गव्हाच्या दाण्याएवढा बल्ब आपल्या दोन तारांनिशी सर्किट बोर्डवर थेट डाख देऊन, म्हणजे सोल्डर करून, बसवलेला असतो. कंपनीच्या पुस्तिकेत अशा वेळी अख्खे पटल बदलायला सांगितलेले आढळते, जरी दोष काही रुपयांच्या बल्बचा असला तरी. बारीक टोकाची सोल्डरिंग गन आणि सराव असलेला हात असेल तर हे काम घरीही होते. अन्यथा मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली अशा ठिकाणी बल्ब, एलईडी आणि रोध सुटे मिळतात व ते बसवून देणारे कारागीरही आसपास सापडतात. अख्खे पटलच हवे असेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग मिळतात, मात्र तिथले पटल घेताना त्याच्यातले बल्बही तितकेच जुने आहेत हे ध्यानात ठेवावे आणि बसवण्याआधीच ते बदलून घ्यावेत. नव्या गाड्यांच्या पटलांत नखाच्या टोकाएवढे एलईडी बोर्डवर यंत्राने चिकटवलेले असतात. ते सहसा जात नाहीत, गेलेच तर भिंगाखाली काम करणाऱ्या माणसाशिवाय इलाज नसतो.

बल्ब बसवल्यानंतर सगळे स्क्रू आवळण्याची घाई करू नये. पटलाचे कपलर परत जोडून व एअरबॅगची एखादी जोडणी सोडवली गेली असेल तर तीही पूर्ववत करून मगच बॅटरी जोडावी, पार्किंगचे दिवे लावावेत, डिमर सर्वांत वरच्या व सर्वांत खालच्या जागी नेऊन प्रत्येक चिन्ह तपासावे, आणि ही तपासणी अंधारात किंवा डॅशबोर्डवर जाड कापड टाकून करावी, कारण दिवसाउजेडी सगळेच पटल सारखे दिसते. एखादे चिन्ह अंधूक असेल तर बल्ब होल्डरात पूर्ण खाली गेला आहे का आणि टोपी दुमडली तर नाही ना हे पाहावे. त्यानंतर बॅटरी पुन्हा सोडवून केबलींच्या पकडी खुणेवर आणाव्यात, पटल जागेवर सरकवून स्क्रू लावावेत आणि चौकटीच्या क्लिपा एकामागून एक दाबाव्यात. बॅटरी अखेरची जोडल्यावर काही गाड्यांत रेडिओ संकेतांक मागतो, काचा आपोआप वर जाण्याची सोय पुन्हा शिकवावी लागते, आणि स्वयंचलित पटलाच्या मोटरी आपापल्या झडपा एकदा शेवटपर्यंत फिरवून जागा तपासतात. त्या वेळी डॅशबोर्डच्या आतून येणारी घरघर बिघाडाची नसते, ती थांबेपर्यंत बटणांना हात लावू नये.